फी माफ झाली, तारीख नाही

दर उन्हाळ्यात कॅनडात वणवे पेटले की मला मेसेज यायला लागतात. कुणाचा भाचा मॅनिटोबात असतो, कुणाच्या मैत्रिणीची मुलगी ब्रिटिश कोलंबियात. प्रश्न एकच: "तू जास्परला होतीस ना? परमिटचं काय केलंस?" दर वेळी तेच टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते.

जास्पर हे आल्बर्टा प्रांतातल्या डोंगरातलं, नॅशनल पार्कातलं गाव. २०२४च्या उन्हाळ्यात ते वणव्यात जळालं तेव्हा मी तिथल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होते. कॉलेज एडमंटनला. सुट्टीत विद्यार्थ्यांना कॅम्पसबाहेर पूर्ण वेळ काम करता येतं, तासांची मर्यादा नसते, म्हणून आमच्यातले बरेच जण मे ते ऑगस्ट डोंगरात जातात. राहायला हॉटेलचंच स्टाफ हाउसिंग होतं, एका खोलीत दोघी. माझी रूममेट फिलिपिन्सची, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. मी तिला आते म्हणायचे आणि फोनवर आई विचारायची, "कोणाची आत्या गं?"

२२ जुलै, सोमवार. रात्री दहाच्या सुमाराला फोन किंचाळले: गाव सोडा, पश्चिमेकडे जा. एडमंटनकडे जाणारा पूर्वेचा रस्ता आगीने बंद होता, दक्षिणेचाही. उरला हायवे १६, ब्रिटिश कोलंबियाच्या दिशेने. गावाची वस्ती पाच हजारांच्या आत, पण ऐन सीझनमध्ये पार्कात पर्यटक धरून पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती आणि ती सगळी त्या एका रस्त्यावर. मी युनिफॉर्मवर जॅकेट चढवलं, फोन, चार्जर आणि, का कोण जाणे, अर्धा किलो पोह्यांचं पाकीट घेतलं. पासपोर्ट आणि स्टडी परमिट, म्हणजे शिकायला राहण्याचा परवाना, पलंगाखालच्या सूटकेसमध्ये, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवलेले होते. इतके नीट की घाईत आठवलेच नाहीत. शिवाय दोन दिवसांत परत येणार असंच सगळे धरून चालले होते.

एका सुपरवायझरच्या गाडीत आम्ही पाच जणी. ब्रिटिश कोलंबियातलं व्हेलमाउंट गाव एरवी सव्वा तासावर आहे, आम्हाला पाच तास लागले. मधेच फोनचं घड्याळ एक तास मागे गेलं, कारण तिथे प्रांत बदलला तसा टाइम झोनही बदलला. आते म्हणाली, "बघ, देवाने एक तास परत दिला." पुढे प्रिन्स जॉर्ज, तिथून वर फिरून ग्रँड प्रेरी, मग एडमंटन. सरळ रस्त्याने जास्पर-एडमंटन ३६५ किलोमीटर. आमचे साधारण चौदाशे झाले.

२४ तारखेला संध्याकाळी आग गावात शिरली. गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ गेल्या. हॉस्पिटल वाचलं, शाळा वाचल्या. आमचं स्टाफ हाउसिंग नाही वाचलं. मॅनेजरने नंतर फोटो पाठवला, त्यात काँक्रीटचा पाया आणि वाकलेलं वॉशिंग मशीन एवढंच ओळखू येत होतं.

माझ्या स्टडी परमिटची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. म्हणजे गाव सोडलं त्या रात्रीपासून चाळीस दिवस.

पहिले काही दिवस मी एका चुकीच्या भीतीत काढले. परमिट जळालं म्हणजे आपण आता इथे बेकायदेशीर, असं मला वाटत होतं. कॉलेजच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमधल्या बाईंनी ते एका वाक्यात सोडवलं. त्या लायसन्सवाल्या सल्लागार होत्या, आणि कॉलेजातल्या अशा माणसांचा सल्ला फुकट असतो, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, परमिट हा कागद तुझ्या स्टेटसचा, म्हणजे इथे कायदेशीर राहण्याच्या हक्काचा, पुरावा आहे, स्टेटस सिस्टीममध्ये आहे. जळालेल्या कागदाची बदली प्रत मागता येते, एरवी तीस डॉलर पडतात. पण स्टेटसची तारीख कागदाबरोबर जळत नाही. ती चालूच असते.

आता त्या सवलतींबद्दल. इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, वणव्यांची थेट झळ बसलेल्यांसाठी विशेष उपाय जाहीर केले होते. पीआर कार्ड (कायम रहिवाशांचं कार्ड), नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, कॅनडाचा पासपोर्ट असे जळालेले किंवा हरवलेले कागद विनाशुल्क बदलून मिळणार. आणि आमच्यासारखे तात्पुरते रहिवासी, म्हणजे विद्यार्थी, कामगार, व्हिजिटर, यांना मुदत वाढवण्याचा किंवा संपलेलं स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज फी न भरता करता येणार. व्हॉट्सॲपवर हे फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं तोवर त्याचं झालं होतं: "वणवावाल्यांना परमिट आपोआप वाढवून मिळतंय."

आपोआप काही मिळत नाही. अर्ज करावाच लागतो. माझ्या बाबतीत माफ झाले ते अर्जाचे दीडशे डॉलर.

ज्यांनी हा फरक धरला नाही ते अडकले. माझ्याबरोबरच्या एका मुलाने विचार केला, फुकटच आहे, सावकाश करू, स्टेटस गेलं तर रिस्टोर करता येतं, तेही फुकट. त्याची मुदत माझ्याच आसपास संपली. आता हे नीट वाचा. मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज टाकला, तर निर्णय येईपर्यंत तुम्ही जुन्याच अटींवर राहता. शिक्षण चालू, नोकरी चालू. याला मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. मुदत उलटल्यावर टाकला, तर तो रिस्टोरेशनचा अर्ज. त्याला एरवी नव्वद दिवसांची खिडकी असते, आणि तो मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही, वर्गातही बसता येत नाही. त्या मुलाची अर्जाची फी शून्य आणि बुडालेला पगार काही महिन्यांचा. हिशेब तुम्हीच करा.

मी २७ ऑगस्टला अर्ज टाकला. अर्ज ऑनलाइनच, विद्यार्थ्यांचा फॉर्म आयएमएम ५७०९. त्यात पासपोर्टची प्रत लागते आणि पासपोर्टची तर राख झालेली. मला वाचवलं ते बाबांनी. मी निघताना त्यांनी पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो काढले होते, अगदी कोऱ्या पानांचेसुद्धा, आणि ते घरच्या ग्रुपवर टाकले होते. तेव्हा मी चिडले होते. बावीस फोटो खाली खाली स्क्रोल करून काढले, सोबत पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडली.

मग 'थेट झळ' सिद्ध करायची. माझ्याकडे मेलमध्ये होतं ते असं: जास्परचा पत्ता असलेल्या पगाराच्या स्लिपा, स्टाफ हाउसिंगचा करार, रेड क्रॉसच्या नोंदणीची मेल, हॉटेलने दिलेलं दोन ओळींचं पत्र. गाडीतून काढलेला एक फोटोही जोडला, त्यात नारिंगी आभाळ आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे, बाकी काही दिसत नाही. खुलाशाचं पत्र मी आधी दोन पानांचं लिहिलं. राखेचा वास, आतेची जपमाळ, सगळं त्यात. ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं, "सुंदर लिहिलंयस" म्हणाल्या आणि पाऊण पत्र खोडलं. अधिकाऱ्याला तारखा हव्या असतात: कुठे राहत होते, कधी बाहेर काढलं, काय जळालं, परमिट कधी संपतंय, कोणत्या सवलतीखाली फी भरत नाही. सात ओळी उरल्या.

भारतीय पासपोर्ट ही वेगळीच गोष्ट, आणि इथे बरेच जण गोंधळतात. कॅनडा सरकार तेव्हा कॅनडाचे कागद फुकट देत होतं, आपला पासपोर्ट कसा देणार? त्यासाठी व्हँकुव्हरच्या भारतीय कॉन्सुलेटच्या अखत्यारीत, बीएलएस या कॉन्सुलेटसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या एडमंटनच्या सेंटरमधून, पूर्ण फी भरून अर्ज केला. आणि पासपोर्टबरोबर त्यात चिकटवलेला व्हिसाही गेला. देशात राहायला तो लागत नाही, बाहेर जाऊन परत आत यायला लागतो. त्या दिवाळीला घरी जाण्याचा विषय तिथेच संपला.

आतेचं प्रकरण माझ्याहून अवघड होतं. तिच्या वर्क परमिटवर एकाच मालकाचं नाव छापलेलं, आणि ते हॉटेल कधी उघडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माझं परमिट कॉलेजशी बांधलेलं, कॉलेज जागेवर उभं. तिचं बांधलेलं होतं जळालेल्या गावाशी. तिला बॅन्फमधल्या एका हॉटेलने घ्यायची तयारी दाखवली, पण मालक बदलायचा म्हणजे नवा कागद, नवी वाट बघणं. त्या काळात एका इमिग्रेशन कन्सल्टंटने तिला 'वणव्याचा स्पेशल अर्ज' भरून देतो म्हणून चारशे डॉलर मागितले. सरकारने फी माफ केलेला अर्ज. आम्ही कन्सल्टंटांच्या कॉलेजच्या वेबसाइटवर, म्हणजे त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या जाहीर यादीत, त्याचं नाव शोधलं. नव्हतं. यादी कुणालाही बघता येते, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी ती दोन मिनिटं घालवा. आतेने त्याला फोनवर तिच्या भाषेत काहीतरी सुनावलं, त्याचा अर्थ तिने मला अजून सांगितलेला नाही.

माझं परमिट नोव्हेंबरात आलं. नवा पासपोर्ट त्याच्या आधी आला. फोटोत मी फारच थकलेली दिसते, आणि तो आता दहा वर्षं तसाच राहणार.

डिसेंबरात हॉटेलने स्टाफ हाउसिंगचं डिपॉझिट खात्यात जमा केलं. करारात लिहिलं होतं की खोलीची किल्ली परत केल्याशिवाय ते मिळणार नाही. किल्ली त्या रात्रीपासून माझ्या जॅकेटच्या खिशात आहे. कुणी मागितली नाही.