चवथीची घाई आणि ६० किलोलिटरचा फरक

तेलाच्या डेपोत शिफ्ट इनचार्ज म्हणून माझं पहिलं डिझेलचं जहाज मुरगाव बंदराला लागलं ते नेमकं गणेश चवथीच्या आदल्या दिवशी. नमुना पास झाला, चेकलिस्टवर दोन्हीकडच्या सह्या झाल्या, होज जोडला. सुरुवात हळू, पाईपात सेकंदाला १ मीटरच्या आत. टाकीतलं इनलेट बुडाल्यावरच वेग वाढवला, कारण डिझेल उसळलं की स्थिर वीज साठते.

पुढे तासाच्या हिशेबाला जहाज म्हणतं ४०० किलोलिटर दिलं, आमच्या टाकीत ३७० आलं. थोडं लाईन भरण्यात गेलं असेल, म्हणून सोडलं. दुसऱ्या तासालाही तेवढाच फरक. मी वॉकी-टॉकीवर पंप थांबवायला सांगितलं.

मग ऑफिसातून फोनवर फोन. "एवढ्याशासाठी जहाज अडवतोस? डेमरेज कोण भरणार? हातानं डिप घे आणि सुरू कर!" डेमरेज म्हणजे जहाज खोळंबल्याचा दंड, आणि डिप म्हणजे धातूची टेप टाकीत सोडून पातळी मोजणं. पण भरणं थांबल्यावर अर्धा तास ती टेप सोडायची नसते, साठलेली वीज विरायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. तीनदा सांगितलं. चौथा फोन मी उचलला नाही. तो आवाज आठवला की अजून डोकं तापतं.

त्या अर्ध्या तासात फोरमन आणि मी जेटीपर्यंतची लाईन पायी बघून आलो. थेंबभर गळती नाही. डिप घेतला, पातळी दाखवणारं रडार गेज बरोबर. मग तेल गेलं कुठे? फोरमन म्हणाला, "शेजारची बघूया रे."

शेजारची टाकी आधीच भरत आलेली, आणि पातळी १३ सेंटीमीटर चढलेली! तिच्या व्हॉल्वचं चाक घट्ट बंद, पण आत कचरा अडकून गेट, म्हणजे आतली झडप, बसलंच नव्हतं. अलार्म वाजला असता, म्हणाल. पण त्याच्यावर विसंबायचं नसतं. इंग्लंडात बन्सफील्डच्या तेल डेपोत ११ डिसेंबर २००५ रोजी गेज अडकलं, टाकी भरली की भरणं थांबवणारा वरचा स्विचही चालला नाही, आणि पेट्रोल टाकीवरून वाहून स्फोट झाला.

शेजारच्या टाकीच्या लाईनचा दुसरा व्हॉल्व बंद केला आणि पंप पुन्हा हळू सुरू केला. नव्या मुलांनो, एक सांगतो. वापरात नसलेल्या टाक्यांची पातळीसुद्धा दर तासाला लिहा; मी आता लिहितोच.

पुढच्या तासाला फरक २ किलोलिटर. घरी पोचलो तेव्हा गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती.