कलेजीवरचे ठिपके

सहा डुकरं घेऊन रात्री नऊला कत्तलखान्याच्या दारात टेम्पो लावला. नव्या हॉटेलवाल्याची अट होती, मांसावर पशुवैद्यकाचा शिक्का पाहिजे. आजवर माल गावातच खपायचा, त्यामुळे मला ही नसती कटकट वाटत होती.

सकाळी डॉक्टर आले. २००१ च्या नियमांप्रमाणे त्यांनी तासाला फार तर १२ जनावरं तपासायची, दिवसाला ९६. माझ्यापुढे दोन टेम्पो, म्हणजे साडेदहा वाजलेच. आधी त्यांनी डुकरांना नुसतं चालवलं. कोण लंगडतंय, कोण धापा टाकतंय, कातडीवर शंकरपाळ्यांसारखे लाल चट्टे आहेत का. मग प्रश्न: शेवटचं इंजेक्शन कधी दिलं? खरकटं उकळून घालता का? "रोज उकळतो," म्हणालो. (रोज नाही.)

खरी तपासणी कापल्यावर. त्यांनी जबड्याच्या मांसाला छेद दिले, जीभ चाचपली.

"काय शोधताय साहेब?"

"साबुदाणा."

या खात्यात सगळे रोग फराळाच्या नावाने! पट्टकृमीच्या अळीचे फोड मांसात भिजल्या साबुदाण्यासारखे दिसतात. तसलं मांस कच्चट खाल्लं की माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत शिरतात त्या अळ्या मात्र मांसातून येत नाहीत. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला लागून पोटात जातात, त्यातून येतात. मी लोकांना इतकी वर्षं उलटंच सांगत होतो.

साबुदाणा निघाला नाही. पण तीन डुकरांच्या कलेजीवर पांढरे ठिपके होते, दुधाचे थेंब वाळल्यासारखे. तिन्ही कलेज्या बाद.

"जंताचं औषध कधी दिलंत?"

"तीन महिने झाले."

"हे ठिपके महिना-दीड महिन्यात विरतात. म्हणजे जंत आत्ताचे आहेत. औषधाने पोटातले जंत मरतात हो, जमिनीतली अंडी नाही मरत. ती वर्षानुवर्षं टिकतात. खाली फरशी आहे का माती?"

मी कानातले बिल्ले आठवले. तिन्ही डुकरं मागच्या खणातली. पुढच्या खणात कोबा आहे, मागे माती. डॉक्टरांनी माझी शेड पाहिलेलीसुद्धा नव्हती.

बाकी मांसावर शाईचे शिक्के बसले, हॉटेलवाल्याने माल उतरवून घेतला. येताना त्याच टेम्पोत सिमेंटच्या आठ गोण्या टाकून आणल्या.