चपलांची राखण

देवळात जाण्याची आमच्या घरात वाटणी ठरलेली आहे. आई आणि बायको आत जातात, मी बाहेर चपलांपाशी बसतो. नास्तिक म्हणवून घ्यावं इतका विचार मी कधी केलेला नाही. मला रांगेचा कंटाळा येतो, बस. पण 'याचा काही विश्वास नाही' असं घरात एकदा ठरून गेलं आणि ते मला सोयीचंच पडलं.

आमच्या भागातल्या मारुतीसमोर पिंपळाचा पार आहे. गेली वीसेक वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे असतो. माणसं येतात, चपला काढतात, आत जातात आणि साताठ मिनिटांनी बाहेर येतात. देवाला भेटून आल्यावर माणसात काही फरक पडतो का, हे बघायला याहून मोक्याची जागा नाही.

पहिली गंमत चपला ठेवण्यातच. मुरलेला भाविक जोडी एकत्र ठेवत नाही. एक चप्पल पाराच्या कडेला, दुसरी रुईच्या माळा विकणाऱ्या मावशींच्या टोपलीमागे. एकटी चप्पल कोण नेणार? ज्याच्या हवाली अख्खा संसार करायचा, त्याच्यावर दोनशे रुपयांच्या चपलेपुरताही भरवसा नाही, असं मला आधी वाटायचं. मग लक्षात आलं, देवावर भरवसा आहेच. नाही तो शेजारच्या भक्तावर.

चपला गेल्याच तर त्याचीही तजवीज आहे. शनिवारी देवळातून चपला गेल्या म्हणजे साडेसाती गेली, म्हणतात. म्हणजे ती चोराच्या पायात गेली. दुसऱ्याची पीडा अशी आपणहून पायात घालून नेणारा माणूस चोर कसा म्हणायचा, हा प्रश्न मी एकदा आईला विचारला होता. तिने उत्तर दिलं नाही, नुसता अंगारा लावला.

एक गृहस्थ नेमाने येतात. साठीचे असतील, कपाळाला शेंदूर, खिशात जपाची छोटी माळ. पाराशेजारी बसणाऱ्या एका म्हाताऱ्याचा उजवा हात अर्ध्यातून गेलेला आहे. हे गृहस्थ त्याला केळी आणतात. देऊन निघून जात नाहीत. उकिडवे बसतात, केळं सोलतात, दोरे काढतात आणि त्याच्या डाव्या हातात देतात. सालही स्वतः नेऊन टाकतात. त्यांच्याबद्दल मला आदर होता. 'होता' म्हणजे आहेच, पण एका शनिवारी त्यांच्या चपला गेल्या. त्यांनी दोनदा पार हुडकला. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, तीन जोड पायात घालून बघितले. तिसरा बसला, तो घालून ते शांतपणे गेले. वाटेत देवळाकडे वळून नमस्कारही केला. पुढच्या शनिवारी केळी होतीच, चपलाही त्याच होत्या.

या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं, ते मला आजवर जमलेलं नाही. भक्ती नसती तर केळं सोललं नसतं का? की भक्ती नसती तर निदान वळून नमस्कार न करता चपला नेल्या असत्या?

धर्माने माणूस सुधारतो का, हा वाद आमच्याकडे दिवाळीच्या फराळावर होतोच. एक पक्ष संत काढतो, दुसरा बुवा काढतो, आणि चकल्या संपल्या की वाद मिटतो. मला त्यात आठवतो तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा प्रयोग. दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली तो छापला. धर्मशास्त्र शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करा. काहींना विषय दिला बायबलमधल्या त्या वाटसरूचा, जो रस्त्यात पडलेल्या जखमी परक्याला उचलतो. जाण्याच्या वाटेवर एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. कोण थांबतं, एवढंच बघायचं होतं. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. 'तुम्हाला उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी दहाच टक्के. आपण धर्माकडे कशासाठी वळलो, याबद्दल त्यांनी आधी जे सांगितलं होतं, त्यावरून कोण थांबेल याचा काही पत्ता लागला नाही. दयेवर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

आमच्या पारावरून मला हे पटतं. आरतीच्या आधी पाच मिनिटं येणारा माणूस आणि निवांत सातला येणारा माणूस, दोघांचा देव तोच. पण मावशींच्या टोपलीला लाथ लागते ती पहिल्याचीच.

तरी सगळं घाईवर घालून मोकळं होता येत नाही. पंढरपूरला गेलो होतो तेव्हाही मी बाहेरच होतो, महाद्वाराशी. तिथे नामदेव पायरी. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेव पायरी होऊन राहिले. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या. हयातीत चोखोबांना या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, आणि त्यांच्या माणसांना पुढेही कित्येक शतकं नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी त्यासाठी दहा दिवस उपाशी राहिले, तेव्हा कुठे दार उघडलं. दार उघडा म्हणणारा देवभोळा होता. उघडू नका म्हणणारे तर रोज त्या मूर्तीला अंघोळ घालत होते. घाई कुणालाच नव्हती. आणि गाडगेबाबा? जन्मभर पंढरपूर झाडलं, धर्मशाळा बांधल्या, देवळात मात्र गेले नाहीत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. चपलांपाशी बसणाऱ्यांच्या वंशावळीत मी त्यांचं नाव गुपचूप घालून ठेवलंय. झाडू हातात न घेता वंशावळ लावायला काय जातं!

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा चर्मकार मंडळी रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. एका वर्षी मी बराच वेळ ते बघत उभा होतो. 'माऊली, अंगठा गेलाय,' म्हणत एक बाई चप्पल पुढे करते. 'बसा माऊली,' म्हणत तो आरी उचलतो. कुणी कुणाला नाव विचारत नाही. इथे एका चपलेला दुसरीपासून लांब ठेवलेलं मला दिसलं नाही. पंधरवड्याने ही माणसं घरी गेल्यावर भावाशी बांधावरून भांडणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण ती दुपार खरी होती.

आता माझं. गेल्या श्रावणातल्या एका शनिवारी गर्दी फार होती. खेडेगावाकडून आलेले एक आजोबा माझ्यासमोर थांबले. धोतर, टोपी, आणि पायात कातडी वहाणा, तेल देऊन देऊन काळ्या झालेल्या. म्हणाले, "तुमी हितंच हाय न्हवं? ह्या बघता का जरा? देवाम्होरं बसलाय, तुमच्यापाशी काय भ्या न्हाई." मी म्हटलं, जा निवांत. वहाणा माझ्या पायाशी, पाराला टेकवून ठेवल्या.

वीस मिनिटांनी आई आणि बायको बाहेर आल्या. पाऊस सुरू झाला होता, गाडी चुकीच्या जागी लावलेली होती आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी आईच्या चपला पुढे केल्या, तिचा हात धरला, पळालो.

स्वारगेटच्या सिग्नलला बायकोने प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं आणि म्हणाली, "त्या वहाणा कुणाच्या होत्या रे तुझ्या पायाशी?"

सिग्नल सुटला होता. मागे वळायचं तर पुलाला वळसा घालून यावं लागतं.