यादीत नसलेले वर्तुळ

फेब्रुवारीतील एका गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमारास काटोल रस्त्याकडील एका गावातून मला फोन आला. फोन करणारे शेतकरी माझ्या ओळखीचे होते. दोन वर्षांपूर्वी शिलावर्तुळांच्या सर्वेक्षणासाठी त्यांच्या शिवारात फिरताना मी त्यांच्याकडे दोनदा चहा घेतला होता आणि काही वेगळे दिसले तर कळवा, असे सांगून माझा नंबर देऊन आलो होतो. "सर, तुमच्या गोट्यांवर जेसीबी लागला जी," एवढेच ते बोलले. मागे यंत्राचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

मी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात संशोधन सहायक आहे आणि नागपूर जिल्ह्यातील लोहयुगीन शिलावर्तुळे हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. काळ्या बेसॉल्टचे मोठे दगड गोलाकार मांडायचे, आत मुरूम आणि लहान दगडांची भर घालायची आणि त्या भरीखाली मृताचे अवशेष, मडकी व लोखंडी हत्यारे ठेवायची, अशी ही दफनाची पद्धत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात या भागात सर्वत्र रूढ होती. एकट्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत आणि तेथील उत्खननाची माहिती ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्येच प्रसिद्ध केली होती. तरी या लोकांचे जगणे थोडेफार कळू लागले ते नागपूर विद्यापीठाने शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननांमुळे. आधी टाकळघाट-खापा येथे आणि त्यानंतर १९७० ते १९७२ या काळात माहुरझरीला त्यांनी काम केले. माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले आणि त्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकारही मिळाले. विद्यार्थ्यांना ती चित्रे दाखवताना वर्ग आपोआप शांत होतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

फोननंतर मी विभागातील आमच्या मॅडमना घेऊन निघालो. गाडीत बसताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "यादीत क्रमांक काय?"

मी सर्वेक्षणात नोंदवलेल्या वर्तुळांची यादी उघडली. त्या शिवारातील सात वर्तुळे यादीत होती. परंतु फोनवर सांगितलेल्या सर्व्हे नंबरात एकही नव्हते. मग मी सर्वेक्षणाची मूळ डायरी काढली. माझ्याच अक्षरात तेथे लिहिलेले होते : "पळसाच्या झुडपांखाली दगडांचा ढीग. बहुधा शेत साफ करताना टाकलेले दगड. वर्तुळ नाही." मी ते वाचून दाखवले. मॅडम काही बोलल्या नाहीत आणि फेटरीपर्यंत मीही काही बोललो नाही.

शेतात पोहोचलो तेव्हा दोन एकरांचा तुकडा सपाट होऊन गेला होता आणि लेआउटच्या आखणीसाठी चुन्याच्या रेघाही ओढलेल्या होत्या. ढिगाचा पूर्वेकडील तिसरा हिस्सा जेसीबीने उचलून बाजूला टाकला होता. झुडपे निघाल्यामुळे उरलेल्या बाजूचे सहा मोठे दगड आता अगदी स्पष्ट दिसत होते. ते एकमेकांना खेटून अशा नेमक्या कमानीत बसले होते की पाहताक्षणी माझे कान तापले. शेतात निघालेले दगड कोठे टाकायचे, हा प्रश्न या भागातील शेतकऱ्याला दर उन्हाळ्यात पडतो आणि जेथे नांगर चालत नाही अशा जुन्या वर्तुळावरच ते टाकणे त्याला सोयीचे असते. म्हणजे मी डायरीत लिहिलेले निम्मे खरेच होते. त्या दगडांखाली आणखी काय आहे, हे मात्र मी पाहिले नव्हते.

जेसीबी चालवणाऱ्याने लगेच यंत्र बंद केले. "मी थांबवतो जी, पण मालकाले तुमीच सांगा," असे तो म्हणाला. जागेच्या मालकांशी मॅडम बांधावर उभ्या राहून तासभर बोलल्या. प्लॉटचे पैसे अडकले आहेत, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. शेवटी त्यांनी आम्हाला संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला आणि उरलेला भाग लेआउटच्या मोकळ्या जागेत घेता येईल का, हे पाहण्याचे मान्य केले. तलाठ्यांनाही बोलावून घेतले.

उत्खननाचा परवाना हाती नसताना आम्हाला वीतभरही खोदता येत नाही. यंत्राने आधीच कापलेली बाजू खुरप्याने साफ करून तिची नोंद घेणे मात्र शक्य होते आणि सांगायला संकोच वाटतो, पण तसा उभा छेद मला एरवी कधीच पाहायला मिळाला नसता. मी दोरी समपातळीत बांधली, मातीचे रंग उठून दिसावेत म्हणून पाण्याचा फवारा मारला आणि दर वीस सेंटीमीटरवर माप घेत आलेख कागदावर थर उतरवू लागलो. वर शेतातून टाकलेले गोटे आणि भुसभुशीत काळी माती होती. त्याखाली पाऊण मीटर मुरूम होता. हा मुरूम मूळचा की आणून टाकलेला, हे ठरवायला मला बराच वेळ लागला. बेसॉल्ट जागच्या जागी कुजला की त्याचे पापुद्रे कांद्यासारखे एकात एक राहतात. येथे ते पापुद्रे मोडून उलटसुलट पडले होते, म्हणजे तो कोणीतरी खणून आणला होता. त्याखाली चिकट काळ्या मातीचा हातभर जाड थर नीट चोपून बसवलेला होता आणि त्याच्या तळाशी एका मडक्याची अर्धी कड कापलेल्या भिंतीतून बाहेर डोकावत होती.

ते भांडे काळे-तांबडे होते. अशी भांडी भाजताना पालथी घातली जातात असे मानतात. आतल्या बाजूला आणि काठाला हवा मिळत नसल्यामुळे तेवढा भाग काळा राहतो आणि बाहेरचा भाग तांबडा होतो. पुस्तकातून हे मी दहादा शिकवले होते. या मडक्यावर काळा रंग जेथे संपत होता ती रेघ वाकडी गेली होती. भाजणाऱ्याने भांडे थोडे तिरके ठेवले असावे.

दुपारी आम्ही यंत्राने उपसलेली माती चाळायला घेतली तेव्हा जेसीबीवाला न सांगताच मदतीला आला. तासाभराने त्याने गंजाचा एक फुगलेला तुकडा माझ्यासमोर धरला. "सर, हे कुऱ्हाड होय का जी?" तुकडा चपटा होता आणि त्यावर दोन आडव्या पट्ट्यांचे उंचवटे हाताला लागत होते. दांडा बांधण्यासाठी अशा पट्ट्या आवळलेल्या कुऱ्हाडी माहुरझरीलाही मिळालेल्या आहेत. कुऱ्हाडीचे पाते मात्र मधोमध तुटले होते आणि तुटलेल्या जागी लोखंड ताजे, काळसर दिसत होते. म्हणजे ते त्याच सकाळी तुटले होते. हे त्यालाही कळले असावे, कारण दुसरा तुकडा मिळेपर्यंत तो चाळणीपासून उठला नाही. दुसरा तुकडा पाच वाजता मिळाला.

तलाठ्यांनी पंचनामा केला, वस्तूंवर चिठ्ठ्या लागल्या आणि परतीच्या वाटेवर मी डायरी उघडून दोन वर्षांपूर्वीची ती ओळ खोडायला पेन काढला. "खोडू नका," मॅडम म्हणाल्या, "तशीच राहू द्या. खाली आजची तारीख घालून नवी नोंद करा." मी क्रमांक आठ लिहिला, व्यास १३ मीटर लिहिला, माहिती देणाऱ्याच्या रकान्यात त्या शेतकऱ्याचे नाव लिहिले आणि स्थितीच्या रकान्यात "अंशतः नष्ट" असे लिहिले.

मग मॅडमनी डायरी स्वतःकडे घेतली आणि मागची पाने चाळत "बहुधा शेतातले दगड" असे लिहिलेल्या नोंदी मोजल्या. त्या अकरा निघाल्या. रविवारी सकाळी सहा वाजता गाडी विभागासमोर उभी राहील, असे त्यांनी चालकाला तेथेच सांगितले.