मोटर कंट्रोलर, भाग ५: मॉस्फेट एकदाचा थंड!

काल रात्री मोटर सलग अर्धा तास चालली आणि मी मॉस्फेटवर (मोटरचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) खुशाल बोट टेकवून बसलो. हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता घालवणारा धातूचा तुकडा न लावता! तीन आठवडे याच क्षणासाठी धडपडत होतो.

टिप १२२ हा डार्लिंग्टन (आत दोन बीजेटी, म्हणजे साधे ट्रान्झिस्टर, जोडलेला) काढून आयआरएफ ५४०एन हा मॉस्फेट बसवला, इथवर मागच्या भागात आलो होतो. डार्लिंग्टन २ अँपिअरला व्होल्टभर खायचा, म्हणजे २ वॅट नुसती उष्णता. मॉस्फेटचा चालू असतानाचा रोध ४४ मिलिओहम धरला तर जेमतेम ०.१८ वॅट. तरी तोच जास्त तापला! मायक्रोकंट्रोलरच्या पिनचे ५ व्होल्ट थेट गेटला (मॉस्फेट चालू-बंद करणारा पाय) दिले होते. थ्रेशोल्ड, म्हणजे मॉस्फेट जेमतेम चालू होतो ते गेटचं व्होल्टेज, २ ते ४ व्होल्ट, पण तो आकडा २५० मायक्रोअँपिअर वाहायला लागतात तेव्हाचा. ४४ मिलिओहम मिळतात ते १० व्होल्टला. म्हणून मध्ये बीसी ५४७ हा छोटा बीजेटी घातला आणि १०के (१० किलोओहम) पुलअपने, म्हणजे वर ओढणाऱ्या रेझिस्टरने, गेट १२ व्होल्टवर नेला.

वेग कमी-जास्त करायला मोटर झपाझप चालू-बंद करतो (पीडब्ल्यूएम); ते ५०० हर्ट्झला केलं तर मॉस्फेट कोमट. मोटरची शिट्टी घालवायला २० किलोहर्ट्झ केले की चटका. मॉस्फेट नकली असेल म्हणून दोन बदलले, चार दिवस गेले. शेवटी व्होल्टेजची लाट दाखवणारा स्कोप गेटवर लावला (प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंगच लावा, नाहीतर नसलेलं रिंगिंग, म्हणजे लाटेची थरथर, दिसतं) आणि चौकोनी लाटेऐवजी सुस्त चढ दिसला.

गेटला करंट लागत नाही हे खरं, पण फक्त तो स्थिर असताना. गेटच्या ऑक्साइडखाली चॅनल, म्हणजे करंटची वाट, उभा करायला चार्ज भरावाच लागतो: इथे ७१ नॅनोकूलंबपर्यंत. १०के मधून मिळतो सुमारे १ मिलिअँपिअर, म्हणजे ७० मायक्रोसेकंद. आणि २० किलोहर्ट्झचं अख्खं आवर्तन ५० चं! बिचारा पूर्ण चालू होतच नव्हता.

आता पुलअप १के, पुढे बीसी ५४७ आणि बीसी ५५७ ची टोटेम पोल जोडी (एक गेट वर ओढतो, दुसरा खाली), गेटला १०० ओहम. चढ एक-दोन मायक्रोसेकंदांत संपतो. मॉस्फेटला हाकायला बीजेटीच धावून आले, याचा मला फार आनंद झाला.

पुढे पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) करणार होतो, पण लिहितानाच एक धोका दिसला. रिसेटच्या वेळी पिन मोकळी असते, पहिला बीसी ५४७ बंद राहतो, गेट वर जातो आणि मोटर फुल्ल सुटते! पिनपासून ५ व्होल्टला १०के लावला की तो चालू राहील. आज आधी तेच, पीसीबी नंतर.