संध्याकाळच्या टॉकमध्ये रिट्राय कसा दाखवावा

रिट्राय म्हणजे फसलेली विनंती आपोआप पुन्हा पाठवणं. तो दाखवताना दिवसभर काम करून आलेल्या डेव्हलपरांपुढे स्लाइड कमी आणि चालता कोड जास्त हवा. एकीमागे एक अशा ३ सर्व्हिस उभ्या करा, प्रत्येकीला ३ प्रयत्न द्या आणि डेटाबेस बंद करा. एका विनंतीमागे तळाशी डेटाबेसवर २७ (३ × ३ × ३) कॉल आदळतात. लॉगमध्ये तो आकडा दिसला की वेगळं समजवावं लागत नाही.

मग उपाय. रिट्राय एकाच थरात ठेवा. थांबण्याचा वेळ १००, २००, ४०० मिलिसेकंद असा दुप्पट करत न्या, त्यात थोडा रँडम फरक घाला. नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत धडकतात. पोस्ट विनंतीला (POST, म्हणजे सर्व्हरकडे डेटा पाठवणारी, जसं पेमेंट) आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे सर्व्हरला ओळखू देणारी खूण, नसेल तर रिट्राय नकोच, पैसे दोनदा कापले जाऊ शकतात.

डेमो लॅपटॉपवरच चालवा. सभागृहाच्या वायफायचा भरवसा कसला!