३२६ चा आकडा

रात्रीचे साडेदहा.

आज संध्याकाळी ती जवळजवळ धावतच आली. पीएचडीचं दुसरं वर्ष, एरवी दार उघडं असलं तरी बाहेरच घुटमळणारी मुलगी. आमचं काम मेटाबोलॉमिक्स, म्हणजे शरीरातले आणि जंतूंतले छोटे रेणू वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राने ओळखायचे. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, हे बघा." क्षयरोगाच्या रुग्णांच्या लघवीत एक पीक, म्हणजे आलेखावरचा सुळका, ताडासारखं उंच, निरोगी माणसांत त्याचा मागमूस नाही. निगेटिव्ह मोड (रेणूंना ऋण विद्युतभार देऊन मोजणं), वस्तुमान ३२६.

मी चेहरा कोरा ठेवला. कसा ठेवला ते माझं मला माहीत.

कारण हा ३२६ माझा जुना ओळखीचा. तिच्याच वयाची असताना मी दोन आठवडे त्याच्या मागे होते. रोगजंतूने सोडलेला रेणू, रोगाची खूण म्हणजे मार्कर, असं समजून त्याच्या रचना काढल्या, मनातल्या मनात शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवलं. गटाच्या बैठकीत मांडलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "ताप असला की आम्ही रुग्णाला काय देतो, ठाऊक आहे ना?" पॅरासिटामॉल. यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. निगेटिव्ह मोडमधल्या पॅरासिटामॉलच्या १५० मध्ये या जोडणीचे १७६ मिळवले की ३२६. शाळकरी बेरीज, आणि ती मला सुचली नव्हती. निरोगी स्वयंसेवकांना तापच नव्हता, मग गोळी कशाला घेतील?

त्या दिवशी हसू झालं. पण पुढची सगळी वर्षं मी नमुन्यापेक्षा नमुना देणाऱ्या माणसाकडे आधी बघत आले. काय खाल्लं, उपाशी होता का, कोणतं औषध चालू आहे, नळी फ्रीझरमध्ये जायला किती वेळ लागला. यंत्र बिचारं खोटं बोलत नाही, आपण त्याला अर्धवट प्रश्न विचारतो.

जंतूच्या बाबतीत तर घाई आणि धीर दोन्ही लागतात. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळपास अख्खा दिवस लागतो. वाढवण्यात आठवडे जायचे, आणि मग फिल्टरवरचा थर गोठवणाऱ्या मिथेनॉलच्या मिश्रणात बुडवताना सेकंद मोजायचे, कारण एटीपीसारखे (पेशीला ऊर्जा पुरवणारे) रेणू तेवढ्या वेळात बदलून जातात. महिनाभर बाळगलेला जीव एका क्षणात थांबवायचा. त्या कामाची मला कधीच पूर्ण सवय झाली नाही.

मग मी याच विषयात का राहिले? मोठं कारण पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्ल, म्हणजे पास. १९४० च्या दशकात योर्गेन लेमन यांनी पुढे आणलेलं क्षयावरचं औषध. सल्फा औषधांसारखं ते फोलेट (जंतूला वाढीसाठी लागणारं जीवनसत्त्व) बनवणारं एक एन्झाइम अडवतं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. मीही परीक्षेत तेच लिहिलं. २०१३ मध्ये मेटाबोलॉमिक्सने जंतूच्या आत डोकावून दाखवलं, की ते एन्झाइम मुळात अडतच नाही. ते पासला खरा कच्चा माल समजून वापरतं आणि त्यातून नकली फोलेट घडवतं, घोळ होतो तो पुढच्या टप्प्यांवर. म्हणजे आपलं विष जंतू स्वतःच शिजवतो! साठाहून अधिक वर्षं औषध काम करत होतं आणि आमचं स्पष्टीकरण चुकीचं होतं. तो निबंध मी त्या दिवशी तीनदा वाचला.

बाकी रोजचं काम मात्र इतकं रोमांचक नाही. हजारो पीक, त्यातल्या बहुतेकांना नाव नाही. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं, यंत्राआधी रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले तरच ओळखायचे. प्लॅस्टिकच्या नळीतून झिरपलेली रसायनं वेगळीच. अनुदानाच्या अर्जांबद्दल आज लिहीत नाही.

तिला लगेच सांगावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. दोन आठवडे वाचले असते तिचे. पण मी एवढंच विचारलं, "२३० ला काही दिसतं का गं?" पॅरासिटामॉलचा सल्फेट तिथे येतो. ती मान डोलावून गेली. निघताना मी पॅरासिटामॉलच्या स्टँडर्डची, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध नमुन्याची, छोटी कुपी, लेबल वर करून, तिच्या टेबलावर ठेवली.

आत्ता तिचा मेसेज आला. "मॅडम, २३० ला पण आहे!! दोन मार्कर!"

कुपी अजून दिसलेली नाही.